चार्जर, बॅटरी, जॅक की नवाच लॅपटॉप? खानदेशच्या उन्हात ठरवताना

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या आठवड्यातली दुपार. चोपडा-यावल रस्त्यावरच्या एका गावात माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविमा, केवायसी, पॅनकार्ड, जे येईल ते. समोर एक बाबा बसले होते. अंगठा मशीनवर टेकवलेला, सर्व्हर कधी नव्हे तो पटापट चालत होता, आणि लाइट गेली. लॅपटॉपनं दोन मिनिटं दम धरला, मग स्क्रीन काळी. बाबांनी अंगठा उचललाच नाही. "आते काय व्हई रे भाऊ?" एवढंच विचारलं.

साडेअकरापासून खालच्या कोपऱ्यात 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' दिसत होतं. मी काणाडोळा केला होता. दुसऱ्या दिवशी तालुक्याला गेलो आणि २,२०० रुपयांची बॅटरी टाकून आलो. दुकानदारानं काही मोजलं नाही, मीही मोजा म्हटलं नाही. जुनी बॅटरी त्याच्याच खोक्यात राहिली. आणि नवी? तीही दुपारी दोन वाजता चार्ज होईना.

त्याच महिन्यात जळगावला शिकणाऱ्या भाच्याचा फोन आला. "मामा, लॅपटॉप चालतोय, पण चार्जिंग एक टक्काही वाढत नाही. बॅटरी टाकू का?" लक्षण दोघांचं एकच होतं. कारणं मात्र वेगळी निघाली, आणि बॅटरी दोघांचीही ठीक होती.

तेव्हापासून गावात कुणाचाही लॅपटॉप चार्ज होत नसला की तो माझ्या टेबलावर येतो. मी काही मेकॅनिक नाही, पण पैसे कुठे जावेत आणि कुठे जाऊ नयेत, एवढं आता कळतं. तुमच्यापुढे साधारण पाच रस्ते असतात: चार्जर बदलणं, बॅटरी बदलणं, जॅक (चार्जरची पिन घुसते ती जागा) किंवा बोर्ड (आतली मुख्य सर्किटची पाटी) दुरुस्त करणं, बॅटरीचा नाद सोडून इन्व्हर्टरवर चालवणं, नाहीतर लॅपटॉपच बदलणं. खर्चात यांच्यात शेकड्यांपासून हजारोंचा फरक आहे, म्हणून क्रम चुकवू नका.

दुपारी निदान करू नका

माझ्या केंद्राला पत्र्याचं छप्पर आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, आणि पत्र्याखाली काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. लिथियम बॅटरी साधारणपणे ० ते ४५ अंशांतच चार्ज करायची असते. वापरायला ती त्याहून जास्त उष्णतेतही चालते, पण चार्ज करताना सेल तापलेला असेल तर तो आतून खराब होतो. म्हणून बॅटरीतलं सर्किट तापमान मोजत राहतं आणि हद्द ओलांडली की चार्जिंग कमी करतं किंवा थांबवतं. खोलीच ४२ अंशांवर असेल, वर लॅपटॉपची स्वतःची धग असेल, तर बॅटरी पन्नाशीला सहज पोहोचते.

म्हणजे माझा लॅपटॉप बिघडला नव्हता, तो स्वतःला वाचवत होता. आणि मी त्याचा अवयव बदलून आणला.

याची परीक्षा फुकट आहे. लॅपटॉप बंद करा, तासभर थंड होऊ द्या आणि रात्री दहानंतर किंवा पहाटे, बंद अवस्थेतच चार्जिंगला लावा. घरात जुना धाब्याचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, भाग असेल तर तिथे लावा, मातीच्या धाब्याखाली दुपारीसुद्धा फरक पडतो. सकाळी शंभर टक्के झालं असेल आणि दुपारी पुन्हा अडत असेल, तर खिशात हात घालू नका. मी आता पहाटे पाचला चार्ज करून ठेवतो आणि दुपारी लॅपटॉप दोन विटांवर ठेवतो, खालून वारा लागावा म्हणून. पाचशे रुपयांचं कूलिंग पॅडही आणलं होतं. विटांपेक्षा फार वेगळं काही त्यानं केलं नाही. कूलरचा झोत मात्र थेट लॅपटॉपवर घेऊ नका. त्या वाऱ्यासोबत पाण्याचे बारीक थेंब येतात.

दुसरी फुकटची तपासणी म्हणजे आकडा कुठे अडतो ते पाहणं. नेमका ६० किंवा ८० टक्क्यांवर, रोज तिथेच, अडत असेल तर तो बिघाड नाही, सेटिंग आहे. लेनोवोत त्याला 'कन्झर्व्हेशन मोड' म्हणतात, एसुसमध्ये 'बॅटरी हेल्थ चार्जिंग', डेल आणि एचपीत हीच सोय त्यांच्या अ‍ॅपमध्ये किंवा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) मिळते. बॅटरी टिकावी म्हणून कंपनीनंच दिलेली आहे. एका शिक्षकांनी ६० टक्क्यांच्या पुढे जात नाही म्हणून बॅटरीची ऑर्डर दिली होती. मी ते बटण बंद करून दाखवलं, त्यांनी ऑर्डर रद्द केली आणि नंतर माझ्या सांगण्यावरून बटण पुन्हा चालू केलं.

तिसरी गोष्ट: चार्जर काढा, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा, सोडा, पुन्हा चार्जर लावून सुरू करा. चार्जिंग सांभाळणारी चिप कधी कधी अडून बसते, यानं ती मोकळी होते. लागू पडलं तर पडलं.

चार्जर दोषी की बॅटरी?

आता भाच्याची गोष्ट. काही कंपन्यांच्या गोल पिनेच्या मधोमध सुईसारखा बारीक दांडा असतो. वीज त्यातून येत नाही. चार्जर आपल्याच घरचा आहे आणि किती वॅटचा आहे, ही ओळख लॅपटॉपला तो दांडा पटवतो. त्याची आतली तार केसासारखी बारीक. चार्जर गुंडाळताना पिनेच्या मानेशी वायर रोज दुमडली की आधी हीच तार तुटते. मग वीज येते, लॅपटॉप चालतो, पण ओळख पटत नाही म्हणून लॅपटॉप बॅटरी चार्ज करायला नकार देतो आणि वर स्वतःही कूर्मगतीनं चालतो. सुरू होताना 'चार्जर ओळखता आला नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते. बहुतेक जण ती एंटर दाबून घालवतात. भाचाही तेच करत होता.

मित्राचा तसाच चार्जर दहा मिनिटं लावून बघ म्हटलं. लावला, आकडा वाढू लागला. विषय संपला. त्याच्या मनात आलेली बॅटरी ३,८०० ची होती, चार्जर १,१०० ला आला.

म्हणून माझा नियम असा की बॅटरीवर संशय घेण्याआधी दुसऱ्याचा चार्जर लावून पाहायचा. व्होल्ट तोच हवा, वॅट तेवढे किंवा जास्त. गावात तसा चार्जर नसेल तर वायरमनकडचा मल्टिमीटर चालतो: पिनेच्या आतली कडा आणि बाहेरची कडा यांच्यात मोजा, मधल्या दांड्यावर टोक ठेवू नका. चार्जरवर १९.५ लिहिलं असेल तर आकडा त्याच्या आसपास हवा. मोजता मोजता वायर मानेशी हलवा. आकडा नाचला तर चोर सापडला. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. मरायला टेकलेला चार्जर मोकळा असताना बरोबर आकडा दाखवतो आणि ओझं पडलं की बसतो. त्याची खूण अशी की लॅपटॉप बंद असताना चार्ज होतो, चालू असताना होत नाही. ४५ वॅटचा चार्जर ६५ वॅटच्या लॅपटॉपला लावला तरी हेच होतं.

बॅटरीची जन्मपत्रिका विंडोज स्वतः काढून देतं. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची काळी खिडकी, उघडा आणि इंग्रजी अक्षरांत पॉवरसीएफजी टाइप करा, एक जागा सोडा, मग तिरकी रेघ आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट हा सलग शब्द: powercfg /batteryreport. एंटर दाबलं की फाइल कुठे ठेवली तेही तिथेच लिहून येतं. त्यात दोन आकडे महत्त्वाचे: डिझाइन कपॅसिटी, म्हणजे नवी असतानाची क्षमता, आणि फुल चार्ज कपॅसिटी, म्हणजे आजची.

समजा पहिला आकडा ४१,००० मिलीवॅट-तास आणि दुसरा १८,००० आहे. म्हणजे बॅटरी ४४ टक्क्यांवर आली. लॅपटॉप साध्या कामाला ११-१२ वॅट खातो असं धरलं, तर नवी असताना साडेतीन तास चालायची, आता दीड तास. आता प्रश्न तुमचा: दीड तास पुरतो का? आमच्याकडे लाइट गेली की कधी वीस मिनिटांत येते, कधी दुपारची संध्याकाळ होते. वीस मिनिटांवाल्याला ही बॅटरी अजून वर्षभर पुरेल. रोज भुसावळहून रेल्वेनं अपडाउन करत काम करणाऱ्याला पुरणार नाही. टक्क्यांवर निर्णय घेऊ नका, मिनिटांवर घ्या.

साधारण सांगायचं तर ७० टक्क्यांच्या वर असेल तर बॅटरीला हात लावू नका. ४० च्या खाली असेल, किंवा ३० टक्के दाखवत असतानाच लॅपटॉप फटकन बंद पडत असेल, तर ती गेली. आणि टचपॅड वर उचलला गेला असेल, झाकण नीट बसत नसेल, टेबलावर लॅपटॉप डुगडुगत असेल, तर रिपोर्ट काढत बसू नका. बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, बंद करा, आणि आजच दुकानात न्या.

चार्जर घ्यायचा तर कुठला

कंपनीचा चार्जर साधारण दीड ते तीन हजारांत पडतो, कम्पॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कुणी बनवलेला पण आपल्या लॅपटॉपला चालणारा, सहाशे ते बाराशेत. इथे मी बिनदिक्कत कम्पॅटिबल घ्या म्हणतो, पण तीन अटींवर. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत. वॅट तेवढे किंवा जास्त हवेत; ६५ च्या जागी ९० चालतो, लॅपटॉप हवी तेवढीच वीज ओढतो. आणि अंगावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का हवा. चार्जरसाठी बहुधा आयएस १३२५२ आणि त्याखाली 'आर'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक. तो क्रमांक 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकला की खरा की खोटा ते दुकानातच कळतं. दुकानदार जरा वेळ तोंड वाकडं करतो, करू द्या.

साडेतीनशेचा बिनशिक्क्याचा चार्जर हातात घेऊन पाहा, रिकाम्या काडेपेटीसारखा हलका लागतो. आत वीज गाळणारे भाग कमी असतात. आमच्याकडे डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, न्यूट्रल तुटला की घरातले २३० व्होल्ट भलतीकडे उसळी मारतात, तेव्हा असा चार्जर एकटा मरत नाही, लॅपटॉपला सोबत नेतो. साधा स्पाइक गार्ड अशा लांबलेल्या जास्त व्होल्टेजला अडवत नाही. त्याला व्होल्टेज कटऑफ लागतो, जो हद्दीबाहेर गेलं की लाइनच तोडतो. उलट कमी व्होल्टेजची फार काळजी नको. चार्जरवर १०० ते २४० लिहिलेलं असतं, संध्याकाळी दिवे पिवळे पडले तरी तो आपलं काम करतो.

लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रारही बॅटरीच्या नावावर खपते. तिचा बॅटरीशी संबंध नाही. बहुतेकदा भिंतीवरच्या बोर्डाला अर्थिंग नसतं, किंवा तीन पिनेचा प्लग दोन पिनेच्या कन्व्हर्टरमध्ये खुपसलेला असतो. अर्थिंग करून घ्या, ते तसंही लागतंच.

टाइप-सीवाल्यांना जास्त मोकळीक आहे. ६५ वॅटचा पॉवर डिलिव्हरीचा चार्जर घेतला की लॅपटॉप आणि मोबाइल एकावरच. पण आधी लॅपटॉपचं टाइप-सी पोर्ट चार्जिंग घेतं का ते पाहा, सगळीच घेत नाहीत. मोबाइलच्या चार्जरवर ६७ किंवा ८० लिहिलेलं पाहून भुलू नका. ती ताकद बरेचदा त्याच कंपनीच्या फोनसाठी राखलेली असते, लॅपटॉपच्या वाट्याला त्यातली थोडीच येते. केबलचंही तसंच. साधी केबल तीन अँपिअरपर्यंतच, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅटच देते. त्यापुढे पाच अँपिअरची, आत चिप असलेली केबल लागते. चार्जर भारी घेऊन केबल जत्रेतली घेतली तर चार्जर दोषी नाही.

बॅटरी: ओरिजिनल, कम्पॅटिबल की सेल बदलून

इथे माझं मत माणूस पाहून बदलतं.

कम्पॅटिबल बॅटरी साधारण दीड ते अडीच हजार, कंपनीची तीन ते सहा हजार. दुप्पट पैसे मोजून काय मिळतं? सेल एका दर्जाचे मिळतात, तापमान मोजणारं सर्किट भरवशाचं मिळतं आणि अंगावर लिहिलेली क्षमता खरी निघते. कम्पॅटिबलमध्ये हे तिन्ही नशिबावर. पहिले सहा महिने दोघी सारख्याच वागतात, फरक दुसऱ्या उन्हाळ्यात दिसतो.

वसतिगृहात राहणाऱ्या, वर्गात लॅपटॉप उघडणाऱ्या, बसमध्ये पाठीवर घेऊन फिरणाऱ्या मुलांनी कंपनीचीच घ्यावी. बॅग पाठीला, माणूस गर्दीत, तिथे सेलच्या दर्जाशी तडजोड नको. माझ्यासारख्या दिवसभर चार्जिंगला लावूनच बसणाऱ्याला चांगली कम्पॅटिबल पुरते. फक्त ८० टक्क्यांची मर्यादा लावून ठेवायची. भर उन्हाळ्यात शंभर टक्क्यांवर ताटकळत ठेवणं हे बॅटरीला सगळ्यात वाईट, वापरण्यापेक्षाही वाईट.

पण 'ओरिजिनल' या शब्दाला आमच्या बाजारात फारसा अर्थ उरलेला नाही. सहा-सात वर्षं जुन्या मॉडेलची कंपनीची बॅटरी बहुधा बाजारात नसतेच. असली तर ती तीन वर्षं गोदामात पडलेली असते, आणि लिथियम सेल न वापरताही म्हातारा होतो. त्या डब्यातल्या जुन्या 'ओरिजिनल'पेक्षा ताजी कम्पॅटिबल मी पसंत करीन. लेबलावर उत्पादनाची तारीख शोधा. क्षमता वॅट-तासांत वाचा, मिलीअँपिअर-तासांत नको, कारण व्होल्ट वेगळे असले की तो आकडा फसवतो. लिथियम बॅटरीसाठी बीआयएसचा क्रमांक आयएस १६०४६ आहे, तोही पाहा.

बसवल्यावर दुकानातच बॅटरी रिपोर्ट काढा. डिझाइन कपॅसिटी लेबलाशी जुळायला हवी, सायकल काउंट, म्हणजे किती वेळा पूर्ण चार्ज होऊन वापरली तो आकडा, शून्याच्या जवळ हवा. हे आकडे बॅटरीतलीच चिप सांगते, आणि हलक्या बॅटरीची चिप खोटंही बोलते. म्हणून खरी परीक्षा घरी: पूर्ण चार्ज करा, चार्जर काढा, स्क्रीनचा उजेड निम्मा ठेवून एखादा व्हिडिओ लावा आणि घड्याळ पाहा. त्याआधी दुकानदाराकडून बिलावर वॉरंटीचे महिने हातानं का होईना लिहून घ्या. बिल असेल तर तक्रारीला १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. बिल नसेल तर काहीच नाही.

सेल बदलून देणारे कारागीर अजून आहेत. जुन्या काढता येणाऱ्या बॅटऱ्यांमध्ये १८६५० नावाचे गोल सेल असतात, सहाच्या सहा बदलून हजार-बाराशेत काम होतं. ऐकायला छान वाटतं. पण सेल एका ताकदीचे नसले तर एक आधी भरतो, दुसरा उपाशी राहतो. शिवाय सेल तोडले की बऱ्याच बॅटऱ्यांची चिप कुलूप लावते आणि नवे सेलही चालू देत नाही. ई-रिक्षाच्या मोडीतले सेल घालणारेही आहेत. चपट्या, आतल्या बॅटरीच्या बाबतीत तर विचारच नको. हा पर्याय मी कुणालाच सुचवत नाही.

जॅक, बोर्ड आणि कुणाकडे न्यायचं

चार्जर चांगला, बॅटरी चांगली, तरी पिन एका विशिष्ट कोनात धरली तरच दिवा लागतो? जॅक गेला. पिनेजवळ हात भाजत असेल तर तो सैल होऊन आत ठिणग्या पडताहेत, तसा वापरत राहिलात तर बोर्ड जाळाल. काही लॅपटॉपमध्ये जॅक छोट्या वायरीला जोडलेला असतो, तो पाच-सातशेत बदलतो. काहींमध्ये बोर्डालाच डाग दिलेला असतो, तिथे हजार-दीड हजार आणि कारागिराचा हात महत्त्वाचा.

त्यापुढे बोर्डाचा चार्जिंग सेक्शन. दुकानदार 'चार्जिंग आयसी (चार्जिंग सांभाळणारी चिप) गेली' म्हणतो ते हेच. इथेच कंपनीचं सर्व्हिस सेंटर आणि बाजारातला कारागीर यांच्यात खरा फरक पडतो. सर्व्हिस सेंटर आयसी बदलत बसत नाही, आख्खा मदरबोर्ड बदलतं. जुन्या लॅपटॉपला त्याचं कोटेशन ऐकून माणूस परत एसटी पकडतो. बाजारातला चिप लेव्हलचं काम करणारा तीच दोनशे-तीनशेची आयसी काढून नवी बसवतो आणि मजुरीसह दीड ते चार हजारांत लॅपटॉप परत देतो. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये दुकानांना तोटा नाही. प्रत्येकाकडे मायक्रोस्कोप आणि हॉट एअर (गरम हवेनं चिप काढायचं यंत्र) असेलच असं नाही, ते विचारा. ज्याच्याकडे नसतं तो तुमचा लॅपटॉप शेजारच्याकडे नेतो आणि मधले पैसे तुमच्याकडून घेतो.

वॉरंटी बाकी असेल तर मात्र कारागिराकडे पाऊलही टाकू नका. स्क्रू उघडल्याची खूण दिसली की सर्व्हिस सेंटरला नाही म्हणायला निमित्त मिळतं. आणि वॉरंटीचा कागद नीट वाचा: लॅपटॉपची तीन वर्षांची असली तरी बॅटरीची बहुतेक कंपन्या एकाच वर्षाची देतात. अकराव्या महिन्यात एकदा बॅटरी रिपोर्ट काढून पाहिला तर तक्रार करायला महिना हातात राहतो.

कुठेही द्या, पण बॅटरीचा आणि बोर्डाचा सिरियल नंबर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि काढलेला भाग परत मागा. मी मागितला नाही, नाहीतर माझी चांगली बॅटरी आज माझ्याकडे असती.

बॅटरीविना, इन्व्हर्टरवर

हा पर्याय कुणी सुचवत नाही, कारण यात दुकानदाराला काही मिळत नाही. घरात इन्व्हर्टर आधीच असेल, लॅपटॉप एकाच टेबलावर राहत असेल आणि बॅटरी गेलेली असेल, तर ती काढून ठेवून थेट चार्जरवर चालवता येतं. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाच्या इन्व्हर्टर बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात. लॅपटॉप आणि वायफायचा राउटर मिळून ४०-५० वॅट. पंखा आणि दिवा धरूनही दुपार निघते.

दोन-तीन खोड्या आहेत. इन्व्हर्टरवर 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असं बटण असतं, ते यूपीएसवर ठेवा. नाहीतर लाइट जाताना बदल व्हायला जो क्षण लागतो त्यात लॅपटॉप बंद पडू शकतो. जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चार्जर गुणगुणतो आणि तापतो, साइन वेव्ह असेल तर उत्तम. काही लॅपटॉप बॅटरीशिवाय मुद्दाम हळू चालतात. आणि काही नव्या मॉडेलमध्ये घड्याळाचा वेगळा सेल नसतो, वीज पूर्ण गेली की तारीख मागे जाते. तारीख चुकली की सरकारी पोर्टल उघडत नाही आणि माणूस इंटरनेटला शिव्या घालतो. आधी घड्याळ पाहा.

माझ्या शेजारच्या दूध डेअरीचा हिशेब गेली दोन वर्षं अशाच बिनबॅटरीच्या लॅपटॉपवर चाललाय. सकाळ-संध्याकाळ फॅट मोजायचं, नोंद करायची, बस्स. त्याला बॅटरी विकणं म्हणजे विहिरीवाल्याला टँकर विकणं.

आणि नवा लॅपटॉप

यावर फार लिहिण्यासारखं नाही. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे अपडेट मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे जवळपास सगळे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. तुमचा लॅपटॉप त्या जुन्या पिढीचा असेल तर चार्जरपुरता खर्च करा, बॅटरी आणि बोर्डावर नको. आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल, एसएसडी (वेगवान डिस्क) बसलेली असेल, तर तीन-चार हजारांची बॅटरी टाकून तो आणखी दोन-तीन वर्षं ओढता येतो. पैसे नव्यावर उडवायची घाई नको. दुरुस्तीचा आकडा त्याच लॅपटॉपच्या जुन्या बाजारातल्या किमतीच्या निम्म्यावर गेला की मी थांबतो.

सेकंडहँड घेणार असाल तर पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोर बॅटरी रिपोर्ट काढा. रिफर्बिश्ड लॅपटॉप वरून पुसून चकचकीत केलेला असतो, पण बॅटरी बहुधा जुनीच असते. रिपोर्ट काढू देत नसेल तर किमतीतून बॅटरीचे पैसे वजा करून बोला.

फुगलेली बॅटरी घरात आली असेल तर तिचं काय करायचं, हेही सांगतो, कारण गेल्या पावसाळ्यात एकानं ती उकिरड्यावर फेकली आणि पोरांनी खिळा मारून पाहायला घेतली. टोचू नका, दाबू नका, चुलीजवळ ठेवू नका, भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नका. टोकांना चिकटपट्टी लावा, पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवा, डबा घराबाहेर सावलीत ठेवा. पुढच्या खेपेला जिथून नवी घेता तिथे द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्या आणि परदेशातून आणणाऱ्या कंपन्यांवर आहे, सर्व्हिस सेंटरला त्या नाकारणं अवघड जातं. माझ्या केंद्रामागे लिंबाखाली असा एक डबा आहे. सध्या त्यात तिघांच्या बॅटऱ्या आहेत, जळगावची फेरी निघाली की जातील.